लिंबाकडे लहान, सायकल स्टँडकडे मोठा

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता, पण त्याचा पेपर होता. सत्तरचं दशक निम्म्याच्या पुढे गेलं होतं आणि परभणीत कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेली माणसं माझ्या माहितीप्रमाणे दोन होती. एक मी. दुसरं कोण ते मला आजही माहीत नाही, पण ‘मी एकटीच’ असं म्हटलं की स्टाफरूममधली मंडळी नाराज व्हायची, म्हणून मी दोन म्हणायचे.

मी तो पाहिला होता हैदराबादला, उन्हाळी वर्गात. पाहिला म्हणजे काचेतून पाहिला. काचेच्या पलीकडे गारेगार खोलीत कपाटांची रांग होती, त्यालाच कॉम्प्युटर म्हणायचं असं आम्हाला सांगण्यात आलं. आम्ही भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा एका खिडकीतून आत द्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीतून उत्तर यायचं. उत्तर बहुतेक वेळा असं असायचं, की तुम्ही एक स्वल्पविराम विसरला आहात. असा महिना काढून मी परत आले तेव्हा प्राचार्य म्हणाले, “आता तुम्ही तज्ज्ञ झालात. जूनपासून पेपर सुरू करू.” विद्यापीठाची मान्यता घ्यावी लागते ना, असं मी विचारलं. “मान्यता मागाहून येते,” ते म्हणाले. “आधी मान्यता आणि मग काम असं केलं असतं तर ही इमारत उभीच राहिली नसती.”

माझी नेमणूक त्या पेपरावर होती आणि ती तात्पुरती होती. एप्रिलअखेर सेवा समाप्त व्हायची आणि जूनमध्ये तीच मी त्याच वर्गात नव्यानं रुजू व्हायचे. असं तिसरं वर्ष चाललं होतं. स्टाफरूममध्ये कायम असलेल्यांना हाताच्या खुर्च्या होत्या आणि आम्हा तात्पुरत्यांना भिंतीला लावलेला बाक. त्या बाकाचा मला मनापासून राग होता. राग तेव्हा माझ्या नाकावरच असायचा म्हणा, पण बाकाचा वेगळा होता.

खरा प्रश्न आमच्या गावी, पालमला होता. वडील तिथं प्राथमिक शाळेत शिक्षक. आमच्या घरात, खरं तर आमच्या साऱ्या वस्तीत, एमएस्सी झालेली पहिली मुलगी मी. धम्म घेतल्यापासून वडिलांनी एकच गोष्ट मनावर घेतली होती, ती म्हणजे शिक्षण, आणि तिचा शेवट कुठं होतो हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. शनिवारी मी एसटीतून उतरले की ते स्टँडवर उभे असायचे. पिशवी हातातून घ्यायच्या आधी विचारायचे, “झालं का गं परमनंट?” मी नाही म्हणायचे. मग रसवंतीवाला विचारायचा, सायकलवाला विचारायचा. वडील मात्र घरी जाईपर्यंत पुन्हा बोलायचे नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला सोसायचं नाही.

त्या वर्षी भाद्रपदात विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. तिनं पेपर मान्य केला तर माझी जागा मंजूर होणार होती. नाही केला तर एप्रिलनंतरचा जून माझ्यासाठी येणार नव्हता, हे प्राचार्यांनी मला चहा पाजून सांगितलं. “समितीला काहीतरी दाखवावं लागतं,” ते म्हणाले. “केमिस्ट्रीवाले धूर काढून दाखवतात. तुमचं काय आहे?”

माझ्याकडे एक फळा होता. त्याशिवाय बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची पंधरा मुलं-मुली होत्या. म्हणून मी ठरवलं की माणसांचंच झाड करायचं.

कॉम्प्युटरमध्ये माहिती कशी ठेवली म्हणजे पटकन सापडते, याची एक रीत मी हैदराबादला शिकले होते. तिला झाड म्हणतात. वर एक आकडा. त्याच्या खाली दोन्हीकडे एक-एक, डावीकडे त्याच्याहून लहान, उजवीकडे त्याच्याहून मोठा. त्या प्रत्येकाखाली पुन्हा तसेच दोन. असं रचलं की कुठलाही आकडा शोधायला सगळ्यांना विचारत बसायचं कारण नाही. वरून सुरुवात करायची, लहान असेल तर एकीकडे, मोठा असेल तर दुसरीकडे, की चार जणांना विचारून होईपर्यंत आपण जागेवर.

मैदानात फक्की टाकून मी रेघा आखल्या. सगळ्यात वरची जागा व्हरांड्याच्या पायऱ्यांशी, आणि तिथून झाड खाली मैदानात पसरत गेलेलं. मूळ वर आणि फांद्या खाली असं झाड कुणी पाहिलं का मॅडम, असं एकानं विचारलं. त्याला मी वर्गाबाहेर काढलं नाही, कारण पंधरातला एक कमी झाला असता. डावं-उजवं म्हटलं की कोण कुणीकडे तोंड करून उभा आहे यावर भांडणं होत, म्हणून दिशा ठरवून टाकल्या. मैदानाच्या एका बाजूला जुना लिंब होता, दुसऱ्या बाजूला सायकल स्टँड. लहान लिंबाकडे, मोठा सायकल स्टँडकडे. प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं पुठ्ठा, पुठ्ठ्यावर आकडा.

वर पन्नास म्हणून मी मानवतची एक मुलगी उभी केली. तिच्या वडिलांची कापसाची आडत होती आणि लिलावाचा आवाज तिला वारशानं मिळाला होता. ती पायऱ्यांवरून बोलली की सायकल स्टँडवरच्या घंट्या वाजायच्या. तिच्याखाली लिंबाच्या बाजूला तीस, स्टँडच्या बाजूला सत्तर. मग त्यांच्याखाली वीस, चाळीस, साठ, ऐंशी, आणि शेवटच्या ओळीत उरलेले. शेवटच्या ओळीतली लिंबाकडची मुलं लिंबाच्या सावलीत यायची. ही सावली पुढं महागात पडली.

त्या सावलीत, चाळीसच्या खाली, पस्तीस आणि पंचेचाळीस हे दोघं सख्खे मामा-भाचे होते. जिंतूरकडच्या एका खेड्यातले. आजीचं शेंडेफळ आणि थोरल्या लेकीचा पहिला मुलगा एकाच वर्षी जन्मले होते, त्यातही भाचा आधी. दोघं एका खोलीत राहायचे, एका स्टोव्हवर भात टाकायचे, आणि दोघांत इस्त्रीचा शर्ट एक होता. तो ज्या दिवशी ज्याच्या अंगावर असेल त्याच्याशी दुसरा जरा तुटक वागायचा. भाचा त्याला मामा म्हणायचा म्हणून सगळा वर्ग त्याला मामा म्हणायचा, आणि हजेरी घेताना एकदा मीही म्हणाले होते.

समिती आली त्या दिवशी सकाळी मी झाड तपासलं. तपासलं म्हणजे प्रत्येकाला विचारलं, “तुझ्या खालचे दोघं बघ. लिंबाकडचा लहान, स्टँडकडचा मोठा?” प्रत्येक जण बरोबर म्हणाला. एकच जागा रिकामी होती. पंचावन्न नंबरचा मुलगा महालक्ष्म्यांना गावी गेला होता आणि जेवणं संपल्याशिवाय येणार नव्हता. त्याची जागा सायकल स्टँडच्या अर्ध्या भागात, साठच्या खाली लिंबाकडच्या बाजूला होती. रिकामी राहिली तर बिघडत नाही, असं मी सांगितलं.

दुपारी समितीचे साहेब आले. समिती तिघांची होती, पण दोघं जेवून प्राचार्यांच्या खोलीत पंख्याखाली बसले आणि हे एकटेच छत्री घेऊन बाहेर आले. म्हातारे, बारीक, गणिताचे. मी त्यांना आणायला व्हरांड्यात गेले तेवढ्यात जिंतूरच्या बाजूनं आभाळ भरून आलं आणि गडगडलं. पुढचं मला मुलांनी नंतर सांगितलं.

आमच्या भागात असं मानतात की आभाळ गरजत असताना मामा-भाच्यांनी एका झाडाखाली थांबू नये. थांबले की वीज पडते. दोघं लिंबाखाली उभे होते. भाच्यानं वर बघितलं, मामाकडे बघितलं, आणि जागा सोडली. पण मुलगा शिस्तीचा. उगाच कुठंतरी जाऊन उभं राहायचं नाही एवढं त्याला कळत होतं. त्याला पंचावन्नची रिकामी जागा दिसली. तिथं जाऊन त्यानं साठ नंबरच्या मुलीला रीतसर विचारलं, “तू साठ, मी पंचेचाळीस. तुज्याहून लहान हाव ना मी? मंग लिंबाकडच्या अंगाला मी थांबतो.” तिनं हिशेब केला आणि थांब म्हणाली.

साहेबांना घेऊन मी पायऱ्यांवर आले, मागोमाग प्राचार्यही आले. सावधगिरी म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, “आपापल्या खालचे दोघं बघा. बरोबर?” सगळीकडून “बरोबर” आलं. साठ नंबरचा आवाज जास्तच खणखणीत होता.

शोधायला मी पहिल्या वर्षातली, पालमकडचीच एक मुलगी नेमली होती. तिला सक्त ताकीद होती की इकडंतिकडं बघायचं नाही, खाली मान घालून चालायचं आणि समोर जो येईल त्यालाच विचारायचं. कारण यंत्राला सगळं मैदान दिसत नाही, असं मी साहेबांना समजावलं. त्याला एका वेळी एकच माणूस दिसतो. साहेब म्हणाले, “आमच्या विद्यापीठासारखं.” मला हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी हसले नाही.

त्यांनी पंच्याहत्तर सांगितला, सापडला. पंचवीस सांगितला, सापडला. मग साहेबांनी मैदानावर एकदा नजर फिरवली आणि पंचेचाळीस सांगितला.

मुलगी पन्नासकडे गेली. “पंचेचाळीस?” “माझ्याहून लहान. लिंबाकडं.” ती तीसकडे गेली. “माझ्याहून मोठा. स्टँडकडं.” ती चाळीसकडे गेली. चाळीस म्हणाला, “माझ्याहून मोठा. स्टँडकडं.” तिकडे फक्कीची रेघ होती आणि रेघेच्या टोकाला कुणी नव्हतं. मुलगी मान वर न करता म्हणाली, “पंचेचाळीस या झाडात नाही.”

साहेबांनी छत्रीचं टोक सायकल स्टँडच्या दिशेनं धरलं. “मग तो कोण आहे?”

सगळ्यांनी बघितलं. भाचा साठच्या खाली छाती काढून उभा होता, छातीवर पंचेचाळीस, त्या दिवशी इस्त्रीचा शर्टही त्याच्याच अंगावर. “सर, मी हितंच हाव की,” तो म्हणाला.

मला पालमचा स्टँड दिसला. वडील पिशवी घेऊन पुढं चाललेत आणि बोलत नाहीत, एवढंच दिसलं. मग रागानं माझे कान तापले. मी पुन्हा प्रत्येकाला विचारलं. चाळीस म्हणाला, माझ्या खाली पस्तीस आहे, लिंबाकडं आहे, बरोबर आहे. साठ म्हणाली, माझ्या एका बाजूला पंचेचाळीस, दुसऱ्या बाजूला पासष्ट, बरोबर आहे. सत्तर म्हणाला, बरोबर. एकही माणूस चुकलेला नव्हता.

“छान,” साहेब म्हणाले. “सगळे बरोबर आणि माणूस बेपत्ता.”

प्राचार्य मागून म्हणाले की एखादा आकडा इकडंतिकडं व्हायचाच. मला त्यांचं ते सांभाळून घेणं साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी पायऱ्या उतरून खाली गेले आणि साठ नंबरशेजारी उभी राहिले. तिथून वर बघितलं. साठच्या वर सत्तर, सत्तरच्या वर पन्नास. भाच्यानं साठला विचारलं होतं. पन्नासला कुणीच विचारलं नव्हतं. आणि मी दोन वेळा तपासलं तेही असंच, प्रत्येकाला त्याच्या हाताखालच्या दोघांपुरतं.

“आता नीट ऐका,” मी म्हणाले. “वरून हद्दी सांगत यायच्या. पन्नासनं लिंबाकडच्याला सांगायचं, तुझ्या बाजूला सगळे पन्नासच्या आत. स्टँडकडच्याला सांगायचं, तुझ्या बाजूला सगळे पन्नासच्या वर. वरून जे ऐकलं ते कुणी विसरायचं नाही. त्यात आपली हद्द घालायची आणि खाली सांगायचं.”

पन्नासनं लिलाव पुकारावा तसं पुकारलं. लिंबाकडची बाजू सुरळीत पार पडली. मामाला चाळीसनं सांगितलं, “तीसच्या वर, चाळीसच्या आत,” आणि मामा पस्तीसचा पुठ्ठा चाचपून “बसतो” म्हणाला. मग दुसरी बाजू. सत्तरनं साठला सांगितलं, “पन्नासच्या वर, सत्तरच्या आत.” साठ “बसते” म्हणाली, आणि भाच्याकडे वळून म्हणाली, “तुझ्यासाठी पन्नासच्या वर, साठच्या आत.”

भाच्यानं मान वाकवून पुठ्ठा वाचला. “मॅडम,” तो म्हणाला, “मी बसत न्हाई.”

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्यावर ओरडायचंच विसरले. साहेब मात्र पायऱ्या उतरून थेट त्याच्यापाशी गेले. “तू इथं आलास कशाला?”

“सर, आभाळ गरजायलंय. आन मामा तिकडं लिंबाखाली हाय.”

साहेबांनी मामाला हाक मारली. “तू हे मानतोस? सायन्सचा विद्यार्थी ना?”

“मी न्हाई मानत, सर,” मामा लिंबाखालून म्हणाला. “पर माजी बहीण लय मानती. आन ह्यो तिचा एकुलता एक हाय. माज्या भरवशावर धाडलाय तिनं.”

माझ्या वडिलांनी असल्या समजुतींना केव्हाच घराबाहेर काढलं होतं आणि मीही वर्गात त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचे. पण गडगडायला लागलं आणि मामा अंगणातल्या झाडाखाली बसलेला असला की आई माझ्या भावाला तिथून आत बोलवायची, आणि वडिलांनी बघितलं तर म्हणायची, “मानत न्हाई मी. पर उगं कशाला?” ते मला तिथं आठवलं, आणि मी भाच्याला काहीच बोलले नाही.

पाऊस यायच्या आत झाड मोडलं. मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. साहेब टेबलाशी बसले होते, बाकीचे दोघं जागे झाले होते. बस म्हणून कुणी म्हणालं नाही.

“झाड छान होतं,” साहेब म्हणाले. “आता जरा तुमचं तपासू. तुम्हाला नेमलं कुणी?”

“प्राचार्यांनी.”

“त्यांना तो अधिकार आहे. बरोबर. प्राचार्यांना संस्थेनं नेमलं. बरोबर. संस्थेला विद्यापीठाची मान्यता. तीही बरोबर.” मग त्यांनी चष्मा काढला. “पण वरून एक हद्द घातलेली आहे. जो पेपर मान्य नाही त्यावर शिक्षक नेमता येत नाही. म्हणजे वरून शोधत निघालं की या कॉलेजात तुम्ही नाही.”

प्राचार्य छताकडे बघायला लागले. मी तिसरं वर्ष शिकवत होते. ज्यांना शिकवलं त्यातले काही पास होऊन नोकरीलाही लागले होते. मला भाषण करायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“साहेब, मी इथंच आहे की.”

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “ते दिसतंय मला,” ते म्हणाले, आणि टोपण काढून लिहायला लागले. बाहेर पाऊस जोरात आला होता आणि मामा-भाचे दोन वेगवेगळ्या दारांत उभे राहून तो बघत होते.

पेपर मान्य झाला. पुढच्या जूनमध्ये जागा मंजूर झाली आणि तिच्यावर माझी नेमणूक झाली. त्या शनिवारी पालमला उतरले तेव्हा वडिलांनी विचारलं, “झालं का गं परमनंट?” मी झालं म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, रसवंतीवाल्याला सांगितलं, सायकलवाल्याला सांगितलं, आणि मग पिशवी तिथंच विसरून घरी निघाले. वाटेत ते इतकं बोलले, इतकं बोलले, की मला रडू आवरेना.

स्टाफरूममध्ये मला हाताची खुर्ची मिळाली. तिचा एक हात ढिला होता. तीस वर्षं मी त्याच खुर्चीत बसले.

निवृत्तीच्या वेळी नोकरीची वर्षं मोजताना सुरुवातीची तीन वर्षं कमी भरली. ऑफिसात एक तरुण क्लार्क होता, आमचाच माजी विद्यार्थी. त्याला मी सांगितलं की नोकरी लागली ती आधीच, त्या तीन वर्षांत मी रोज शिकवत होते, हैदराबादहून आल्या आल्या पेपर मीच सुरू केला, मैदानात माणसांचं झाड उभं केलं ते मीच. त्यानं नोंदींत वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा शोधलं. मनापासून शोधलं, हे मला दिसत होतं.

“मी होते रे तिथं,” मी म्हणाले.

“असताल, मॅडम,” तो म्हणाला. “पर सापडत न्हाईत.”